सुतार आपला, सही आपली

दुबईत थंडीची चाहूल लागली की प्रदर्शनांचा हंगाम सुरू होतो. वर्ल्ड ट्रेड सेंटर १९७९ साली उघडले, 'जायटेक्स' १९८१ साली आणि खाद्यपदार्थांचे 'गल्फूड' १९८७ साली सुरू झाले. पुढे तासगावचे बेदाणेवाले, नाशिकचे द्राक्षवाले, रत्नागिरीचे आंब्याच्या गराचे कारखानदार इकडे येऊ लागले आणि आपल्या सभासदांचे फोन वाजू लागले : "स्टॉल बांधायला आपला कोणी स्वस्तातला माणूस आहे का हो?" माणूस मिळतो, अडते ते कागदांवर. म्हणून हा लेखप्रपंच.

प्रदर्शनात जागा दोन प्रकारची मिळते. तयार गाळा घेतला तर भिंती, दिवे, सतरंजी आणि वर नावाची पट्टी आयोजकच देतात. 'अपेडा'च्या भारतीय दालनात जागा घेणाऱ्यांचीही बांधणी सहसा दालनवालेच करून घेतात. त्यांनी पुढचे वाचले नाही तरी चालेल. मात्र मोकळी जागा घेतली की जमिनीवर आखलेल्या रेघांखेरीज काही मिळत नाही. तिथे आयोजकांनी नेमलेला कंत्राटदार घ्यायचा, नाहीतर बाहेरचा आणायचा. बाहेरचा आणला की कागद सुरू.

पहिला कागद म्हणजे कंत्राटदाराची माहिती देणारा अर्ज. त्यात त्याच्या ट्रेड लायसन्सची प्रत आणि कामावर हजर राहणाऱ्या जबाबदार माणसाचे नाव असते. वरवर साधा अर्ज, पण खाली सही प्रदर्शकाची लागते, आणि सगळी मेख त्या सहीत आहे. कंत्राटदाराने हॉलची फरशी फोडली किंवा त्याची भिंत शेजारच्या स्टॉलवर कोसळली, तर आयोजक प्रथम सही करणाऱ्यालाच विचारतात. म्हणूनच तिसऱ्याच्या नुकसानीची भरपाई देणारा विमा मागतात. त्याची मुदत बांधणीच्या पहिल्या दिवसापासून मोडणीच्या शेवटच्या दिवसापर्यंत आहे ना, हे स्वतः पाहावे. काही जण फक्त प्रदर्शनाच्या दिवसांचाच विमा काढतात. धोका असतो तो नेमका आधीच्या आणि नंतरच्या रात्री.

मग उंचीसकट आराखडे, आणि दुमजली किंवा अवघड बांधणी असेल तर अभियंत्याचा हिशेब. काम कसे करणार आणि त्यात धोके कोणते, याचे टिपणही लागते. हे टिपण बरेच जण जुन्या स्टॉलचे उतरवून काढतात. मग शिडीचा पत्ता नसलेल्या कामात शिडीचे धोके लिहिलेले आढळतात! मुख्य वीजजोडणी आणि छताला टांगण्याचे काम बहुतेक ठिकाणी हॉलवाल्यांकडेच असते, तेव्हा ते कंत्राटदाराच्या दरपत्रकात आले असेल तर विचारून घ्यावे.

आता मुख्य गोष्ट. "आमचे दोन सुतार गावाहूनच आणतो, व्हिजिट व्हिसावर," असे पाहुणे सहज म्हणतात. त्यांना वेळीच थांबवा. व्हिजिट व्हिसावर काम करता येत नाही. इथला नवा कामगार कायदा फेब्रुवारी २०२२ पासून लागू आहे. २०२४ च्या दुरुस्तीनंतर परवान्याशिवाय माणूस कामाला लावणाऱ्याला १ लाख ते १० लाख दिरहम दंड होऊ शकतो. दंड मालकाचा, पण पहाटे तीन वाजता तो गडी शिडीवरून पडला तर? त्याचे इथे कागदोपत्री कामच नाही, मग भरपाई कोणाकडे मागायची? इथल्या एखाद्या कंपनीचा माणूस 'दोन रात्रींसाठी' परस्पर उसना घेणे हेही त्यातलेच. प्रवेशपासाच्या यादीतली माणसे लायसन्सवरच्याच कंपनीची आहेत का, किंवा त्यांच्याकडे रीतसर तात्पुरता परवाना आहे का, हे पाहायला दहा मिनिटे पुरतात.

सुट्या भागांचा स्टॉल भारतातून आणून परत न्यायचा असेल तर 'एटीए कार्ने' घ्यावे. भारतात ते 'फिक्की' देते आणि अमिरातीत २०११ पासून चालते. पण ते परत जाणाऱ्या मालालाच. वाटून संपवायचे बेदाणे त्यात बसत नाहीत.

शेवटी अनामत रकमेविषयी. ती जागा मोकळी करून दिल्यावर परत मिळते. मोडणी झाली की सतरंजीखालची चिकटपट्टीसुद्धा काढून घ्या आणि हॉल सोडण्यापूर्वी तिथल्या माणसाची सही घ्या. सकाळपर्यंत त्याच जागेवर शेजाऱ्याचे प्लायवूड येऊन पडलेले असते.