डिस्कविना सुरू होणारा संगणक

छत्रपती संभाजीनगरातील एखाद्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत चाळीस संगणक आहेत, असे समजा. प्रात्यक्षिक परीक्षा दोन दिवसांवर आली आहे आणि प्रत्येक यंत्रावर नवे सॉफ्टवेअर बसवायचे आहे. एकेका यंत्रासमोर बसून हे काम उरकताना साहाय्यकाची दमछाक होते. ऐन वेळी एखादी हार्डडिस्क दगा देते, ते वेगळेच. यावरचा जुना उपाय म्हणजे संगणक नेटवर्कवरून सुरू करणे.

वीज मिळताच अशा संगणकाच्या नेटवर्क कार्डासाठीची छोटी आज्ञावली जागी होते. तिला स्वतःचा आयपी पत्ता ठाऊक नसतो, म्हणून ती साऱ्या नेटवर्कलाच पुकारा करते. कार्डाचा ४८ बिटांचा क्रमांक पाहून सर्व्हर तिला पत्ता आणि आरंभीच्या फाइलचे नाव कळवतो. ही फाइल टीएफटीपी या पद्धतीने येते. मूळ पद्धतीत ५१२ बाइटांच्या एका तुकड्याची पोच मिळाल्यावरच पुढचा तुकडा निघतो. फाइल मेमरीत उतरली की ती ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा मागवून घेते.

यामागचा 'बूटपी' हा नियम १९८५चा. इंटेलने १९९९मध्ये 'पीएक्सई' २.१ हे प्रमाण प्रसिद्ध केले आणि साध्या पीसीलाही ही सोय मिळाली. त्याच सुमारास लिनक्स टर्मिनल सर्व्हर प्रकल्प सुरू झाला. गोव्यातील शाळांसाठीच्या एका उपक्रमात २०००च्या दशकाच्या आरंभी, एका सर्व्हरच्या बळावर जुने संगणक लिनक्सवर चालवण्यात आले.

मात्र सारा भार सर्व्हर आणि तारांवर पडतो. चाळीस यंत्रांनी प्रत्येकी ५०० एमबी एकाच वेळी मागितल्यास, सर्व्हरची जोडणी १०० मेगाबिटची असेल तर किमान सत्तावीस मिनिटे लागतात; गिगाबिट जोडणीवर तेच काम तीन मिनिटांच्या आत होऊ शकते. सर्व्हर बंद पडला, तर मात्र चाळीसही यंत्रे एकदम मुकी होतात.

दुसरा धोका विश्वासाचा आहे. टीएफटीपी पासवर्ड विचारत नाही आणि पुकाऱ्याला भलत्याच यंत्राने आधी उत्तर दिले, तर संगणक त्याचेही ऐकू शकतो. म्हणून परीक्षेसाठी ही व्यवस्था वापरताना स्वतंत्र नेटवर्क, राखीव सर्व्हर, यूपीएस आणि फाइलची स्वाक्षरी तपासणारे 'सिक्युअर बूट' यांची तयारी आधीच हवी. चाळीस डिस्कांची चिंता अशा रीतीने एका सर्व्हरवर येते. त्या एकाची निगा राखणे अनिवार्य ठरते.