अण्णांची सिंगल बेल

आमच्या अण्णांनी ३१ वर्षं एसटी चालवली. केळघर घाट, पावसाळ्यातलं धुकं, मागं गच्च भरलेली गाडी. त्यामुळे अल्झायमरचं निदान झालं त्या संध्याकाळी "आता गाडी बंद" म्हणायची माझी छाती झाली नाही.

तसं त्याच दिवशी म्हणावंच लागतं असंही नाही. सुरुवातीच्या टप्प्यातले कितीतरी रुग्ण रस्त्यावरच्या चाचणीत पास होतात. नव्या आठवणी साठवणारा मेंदूचा भाग आधी ढासळतो. क्लच-गिअरची हातापायांत मुरलेली सवय दुसरीकडे असते, ती बराच काळ टिकते. सकाळी काय खाल्लं ते न आठवणारे अण्णा गिअर मात्र लोण्यातून सुरी फिरवावी तसा टाकायचे. मी त्या हातांनाच फसले.

गाडी चालवण्यात आधी जातो तो अंदाज. समोरची गाडी किती लांब, किती वेगात. आणि त्याच वेळी आडवा येणारा माणूस, सिग्नल, आरसा. सरळ रस्त्यावर यातलं काही कळत नाही, उजवीकडे वळताना कळतं. पोवई नाक्याजवळ समोरून ट्रक येत असताना अण्णांनी गाडी घातली. ट्रकवाल्यानं करकचून ब्रेक मारला. "अगं, लांब होता तो," अण्णा म्हणाले. खोटं बोलत नव्हते. त्यांना तो लांबच दिसला होता.

म्हणून या बाबतीत रुग्णाची साक्ष कामाची नाही. अमेरिकन अकॅडमी ऑफ न्यूरॉलॉजीच्या २०१० च्या मार्गदर्शक सूचनाही हेच सांगतात: 'मी नीट चालवतो' यावर विसंबू नका, जवळच्या माणसाची धास्ती मोलाची धरा. शेजारी बसून बघायचं, दर काही महिन्यांनी पुन्हा बघायचं. नातवाला त्या गाडीत एकटं पाठवाल का? मला उत्तर द्यायला क्षणही लागला नाही.

ब्रिटनमध्ये निदान झालं की लायसन्स देणाऱ्या खात्याला कळवावंच लागतं, नाहीतर १००० पौंडांपर्यंत दंड. आपल्याकडे आजारामुळे लायसन्स रद्द करण्याचा अधिकार मोटार वाहन कायद्याच्या कलम १६ मध्ये आहे, पण आरटीओला सांगणार कोण? पंचावन्नीनंतर लायसन्स पाच-पाच वर्षांनी नवं करतात. पाच वर्षांत हा आजार माणसाला कुठल्या कुठे नेतो.

किल्ली मी लपवली नाही. भावानं एकदा लपवली होती; अण्णांनी दिवसभर घर उलथंपालथं केलं, शेवटी चोर आला म्हणून रडले. मी डॉक्टरांकडून लिहून घेतलं: वाहन चालवू नये. सही, शिक्का, तारीख. अण्णांनी कागद दोनदा वाचला. "मेडिकलला अनफिट केलं होय?" एवढंच म्हणाले. डेपोतला माणूस, लेखी ऑर्डर मोडत नाही. विसरले की मी तोच कागद पुन्हा दाखवते.

आता ते डाव्या सीटवर बसतात. गाडी सुरू केली की डॅशबोर्डवर दोनदा टकटक: डबल बेल, चला. कधीकधी मोकळ्या रस्त्यावर मध्येच एकदा वाजवतात. सिंगल बेल. मी गाडी कडेला घेते. कोण उतरलं ते विचारत नाही.