आवाज निवडणे

तांदूळ निवडणे, भाजी निवडणे आणि प्रतिनिधी निवडणे या तिन्ही कामांना मराठीत एकच क्रियापद आहे. पहिल्या दोहोंत नको ते काढून टाकावयाचे असते, तिसऱ्यात हवा तो माणूस पुढे आणावयाचा असतो. आज आम्ही ज्या विषयाविषयी चार शब्द सांगणार आहोत, त्यात ही दोन्ही कामे एकदमच करावी लागतात. विषय असा की, ध्वनिमुद्रित झालेल्या आवाजातून त्याचा एखादाच भाग संगणकाच्या साहाय्याने वेगळा कसा निवडावा, आणि निवडताना कोणती जबाबदारी अंगावर येते.

कामगार संघटनेच्या माणसाने या तांत्रिक विषयात का पडावे, असा प्रश्न श्रोत्यांना पडेल. आम्ही ध्वनिशास्त्राचे पंडित नव्हे. जे थोडे कळले ते पुस्तके चाळून आणि यंत्राशी झटापट करून कळले. परंतु संघटनेच्या कपाटात जुन्या कॅसेटी असतात. त्यांत द्वारसभांतील भाषणे असतात, वाटाघाटींहून परतलेल्या प्रतिनिधींनी सांगितलेला वृत्तांत असतो, निवृत्त स्त्री-पुरुष कामगारांच्या मुलाखती असतात. ज्यांची नावे इतिहासाच्या ग्रंथांत येत नाहीत, त्यांचा आवाज तेवढा त्या फितीवर उरलेला आहे. त्या आवाजावर यंत्रांची घरघर, भोंगा, खोकला आणि विजेची गुणगुण यांचा थर बसला आहे. तो थर काढावा, पण आवाजाला धक्का लागू नये, ही आमची गरज होती. त्या गरजेपोटी आम्ही हे शिकलो.

प्रथम आवाजाचे चित्र कसे निघते ते पाहू. कॅसेट संगणकात उतरवली की पडद्यावर एक नागमोडी रेषा दिसते. आवाज मोठा झाला की ती फुगते, लहान झाला की आक्रसते. या रेषेवरून कोण केव्हा बोलले ते कळते, पण बोलण्याखाली काय दडले आहे ते कळत नाही. मोर्चातील हजारो कंठांतून निघालेली घोषणा दुरून एकच गर्जना म्हणून ऐकू यावी, तसे त्या रेषेत सगळे आवाज एकमेकांत मिसळलेले असतात.

ही गर्जना पुन्हा सुटी करण्याची युक्ती फूरिए या फ्रेंच गणितज्ञाच्या विचारात आहे. उष्णतेविषयीचा त्याचा ग्रंथ १८२२ साली प्रसिद्ध झाला. कितीही गुंतागुंतीची लहर असली तरी ती साध्या लहरींची बेरीज म्हणून मांडता येते, हे त्याचे सूत्र. आवाजाचे बारीक बारीक तुकडे करून प्रत्येक तुकड्याला हे सूत्र लावले, म्हणजे त्या क्षणी कोणकोणते स्वर किती जोराने वाजत होते याचा हिशेब मिळतो. हा हिशेब क्रमाने मांडला की आवाजाचे वर्णपटचित्र तयार होते. त्यात डावीकडून उजवीकडे काळ जातो, खालून वर कंपनसंख्या वाढत जाते, आणि जेथे जोर अधिक तेथे चित्र उजळ दिसते. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेने असे चित्र काढणारे यंत्र १९४० नंतरच्या दशकात बनविले. बहिऱ्या माणसांना बोलणे डोळ्यांनी वाचता यावे, हा त्यामागील एक हेतू होता. आज ऑडॅसिटीसारखा विनामूल्य प्रोग्राम साध्या संगणकावर हेच चित्र क्षणात काढून दाखवितो.

चित्र समोर आले की निवडीला आरंभ होतो. कोणत्या उपद्रवाला कोणती निवड लागते ते एकेक पाहू.

दोन वाक्यांच्या मधल्या शांततेत कोणी खोकला, तर चित्रात उभा पट्टा निवडावा. तेवढा काळ खालपासून वरपर्यंत सगळा आपल्या हाती येतो. विजेची गुणगुण याच्या उलट असते. आपल्याकडे घरोघरी येणारी वीज सेकंदाला ५० कंपनांची, म्हणजे ५० हर्ट्झची, असते. म्हणून ५०, १००, १५० या ठिकाणी तळाशी आडव्या रेघा आरंभापासून अखेरपर्यंत ओढल्यासारख्या दिसतात. तेथे अरुंद आडवे पट्टे निवडावे लागतात. टेलिफोनची घंटी काही सेकंदच वाजली असेल, तर तिच्या स्वराभोवती चौकोन आखणे पुरते. भोंगा मात्र चढत जातो आणि उतरतो, त्यामुळे त्याची रेघ तिरकस व वाकडी असते. तिच्याभोवती चौकोन आखला तर शेजारचे बोलणेही त्यात अडकेल. अशा वेळी हाताने वेढा काढून निवडण्याचे साधन कामी येते. काही महागड्या प्रोग्रामांत कुंचल्याने रंगवून निवडता येते. एका ठिपक्यावर टिचकी मारली की त्याला लागून असलेला तितकाच उजळ भाग आपोआप पकडणारी ‘जादूची कांडी’ही त्यांत असते. ऑडॅसिटीत काळ आणि कंपनसंख्या यांचा चौकोन आखता येतो, आणि बरीचशी कामे तेवढ्यावर भागतात.

येथे नवशिक्याची हमखास फसगत होते. भोंग्याचा मूळ स्वर ६०० हर्ट्झचा असेल, तर बहुधा १२००, १८००, २४०० अशा पटींतही त्याचे उपस्वर वाजत असतात. मूळ रेघ पुसली आणि वरच्या तशाच राहू दिल्या, तर भोंगा गेल्यासारखा वाटतो पण त्याचे भूत मागे राहते. पुढाऱ्याला अटक केली म्हणजे संप मिटला असे समजण्यासारखेच ते आहे! निवड करावयाची तर साऱ्या कुटुंबाची करावी लागते.

दुसरी मर्यादा निसर्गाचीच आहे, ती कोणत्याही यंत्राला ओलांडता येत नाही. आवाजाचे तुकडे लहान घेतले तर एखादी गोष्ट केव्हा घडली ते नेमके कळते, पण तिचा स्वर कोणता ते धूसर होते. तुकडे लांब घेतले तर स्वर नेमका कळतो, पण वेळ पसरते. सेकंदाला ४४,१०० नमुने घेतलेल्या मुद्रणात ५१२ नमुन्यांचा तुकडा घेतला, तर तो सुमारे १२ सहस्रांश सेकंदांचा होतो आणि स्वरांची घरे ८६ हर्ट्झच्या अंतराने पडतात. ८१९२ नमुन्यांचा घेतला, तर घरे सुमारे साडेपाच हर्ट्झवर येतात, पण तुकडा १८६ सहस्रांश सेकंदांचा होतो. तेवढ्यात एखादे अक्षर उच्चारून संपते. डेनिस गाबोर या शास्त्रज्ञाने १९४६ साली ही देवघेव गणिताने मांडून दाखविली. म्हणून गुणगुण निवडताना लांब तुकडा घ्यावा आणि टकटक निवडताना आखूड. एकाच चष्म्याने दोन्ही पाहू गेल्यास दोन्ही चुकतात.

आता या विषयाच्या गाभ्याकडे येऊ. तांदळातील खडा तांदळापासून वेगळा असतो, तो उचलला तर तांदळाचे काही जात नाही. आवाजात तसे नाही. खोकला जर शब्दावरच पडला असेल, तर चित्रात दोघांची जागा एकच असते. खोकला काढला की शब्दही जातो. ती जागा मोकळी ठेवली तर भोक पडते. म्हणून आजूबाजूचा आवाज पाहून ती जागा भरून काढण्याची सोय प्रोग्रामांत केलेली असते. कानाला ती गोड लागते, पण भरलेला भाग कोणीही उच्चारलेला नसतो. तो यंत्राचा अंदाज असतो.

यात काय धोका आहे, ते मराठी माणसाला तरी फोड करून सांगावयास नको. आपल्या भाषेत नकार वाक्याच्या शेवटी येतो. समजा, द्वारसभेत एक कामगार बाई म्हणाल्या, “आम्ही हा करार मान्य करणार नाही.” नेमका शेवटच्या शब्दावर कोणी खोकले. आम्ही उभा पट्टा निवडला, पुसला आणि जागा शांततेने भरली. उरले काय? “आम्ही हा करार मान्य करणार.” वाक्य व्याकरणाने पुरे, कानाला स्वच्छ, आणि अर्थाने बरोबर उलटे! बाईंच्या तोंडी त्यांनी न दिलेली संमती आम्ही घातली, आणि तीही आवाज सुधारण्याच्या सद्हेतूने.

आडवा पट्टाही असाच घात करू शकतो. ‘ई’ आणि ‘ऊ’ या स्वरांचा खालचा जोर ३०० हर्ट्झच्या आसपास बराच सारखा असतो. ‘ई’ला ‘ई’पण येते ते २००० हर्ट्झच्या वर असलेल्या दुसऱ्या जोरामुळे. यंत्राची कर्कश किंकाळी काढण्यासाठी तो सगळा पट्टा सरसकट पुसला, तर ‘ई’ ही ‘ऊ’सारखी ऐकू येऊ लागते. ‘स’ आणि ‘श’ यांचा फूत्कारही वरच्याच मजल्यावर राहतो. गोंगाट तेथे दिसला म्हणून तो मजला पाडला, तर तेथील अक्षरेही बेघर होतात.

बरे, ज्याला आपण गोंगाट म्हणतो तो तरी खरोखर निरुपयोगी असतो काय? विजेच्या गुणगुणीचेच उदाहरण घ्या. मूळ मुद्रणाच्या वेळी फितीवर उतरलेली ही गुणगुण ५० ऐवजी ५२ हर्ट्झवर दिसली, तर कॅसेट शेकडा ४ ने वेगात फिरत आहे हे कळते आणि माणसाचा खरा आवाज त्यावरून परत मिळविता येतो. शिवाय विजेची कंपनसंख्या क्षणोक्षणी किंचित कमीअधिक होत असते, आणि एका विद्युत्जाळ्यावर ती सर्वत्र एकाच वेळी सारखी बदलते. जाळ्याच्या नोंदी ठेवलेल्या असतील, तर आजच्या डिजिटल मुद्रणातील गुणगुण त्यांच्याशी ताडून ते मुद्रण केव्हाचे, हे तपासता येते. मध्येच काटछाट झाली असेल तर गुणगुणीची लय तेथे उडी मारते. अर्थात, गुणगुण समूळ पुसणारा माणूस नकळत एका साक्षीदाराचे तोंड बंद करीत असतो.

या साक्षीचे प्रसिद्ध उदाहरण अमेरिकेतील आहे. राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्या कार्यालयातील २० जून १९७२ च्या ध्वनिफितीत साडेअठरा मिनिटे संभाषण नाहीसे झालेले होते, तेथे केवळ गुणगुण होती. सहा तज्ज्ञांच्या मंडळाने १९७४ साली ती फीत तपासली. गुणगुणीचे वर्णपट आणि फितीवरील चुंबकीय खुणा यांवरून त्यांनी निष्कर्ष काढला की, हा भाग किमान पाच वेगवेगळ्या वेळा पुसला गेला आहे. बोलणे परत मिळाले नाही, पण पुसणाऱ्याच्या हाताचे ठसे मिळाले.

आपल्या न्यायालयांनीही ही गोष्ट ओळखलेली आहे. मलकानी विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७२ साली सांगितले की, ध्वनिफीत पुराव्यात घेता येते. मात्र संभाषण प्रस्तुत असावे, आवाजाची ओळख पटावी, आणि फितीत पुसापुशी झाल्याची शक्यता दूर करून तिचा खरेपणा सिद्ध व्हावा. फीत गेली, संगणक आला, तरी ही तिसरी अट जुनी झालेली नाही.

उलट ती आज अधिक निकडीची आहे. आता शिकवून तयार केलेले यंत्रच निवड करू लागले आहे. जॉन लेनन यांनी १९७० नंतरच्या दशकात घरी कॅसेटवर म्हटलेले एक गाणे पियानोच्या आवाजात गुंतलेले होते. गळा आणि पियानो यांच्या रेघा एकमेकींवर पडल्यामुळे चौकोन आखून ते सुटण्यासारखे नव्हते. यंत्राने ते सोडविले आणि २०२३ साली ‘नाऊ अँड देन’ या नावाने ते गाणे प्रसिद्ध झाले. गाण्यात ही किमया आनंदाची आहे. साक्षीत मात्र, यंत्राने काय निवडले आणि का, हे डोळ्यांना दिसत नसल्यामुळे दुप्पट सावध राहावे लागते.

मग काय, कॅसेटी धूळ खात ठेवाव्यात? मुळीच नाही. संघटनेत इतिवृत्ताच्या वहीची जी शिस्त असते, तीच येथे पाळावी असे आम्ही सुचवितो. मंजूर इतिवृत्ताचे पान कोणी फाडीत नाही. दुरुस्ती पुढील सभेत नोंदवितात. त्याप्रमाणे मूळ कॅसेट आणि तिची पहिली प्रत यांना हात लावू नये, काम दुसऱ्या प्रतीवर करावे. निवड शक्य तितकी अरुंद घ्यावी आणि तिच्या कडा मऊ ठेवाव्या, नाहीतर कडेशी टक्‌ असा आवाज उठतो. पुसण्यापूर्वी मंद करून पाहावे. बहुधा तेवढ्याने भागते. शब्दावर पडलेला खोकला राहू द्यावा. काढून टाकलेला भाग वेगळा लावून ऐकावा, आणि त्यात माणसाच्या बोलण्याची चाहूल लागली तर निवड चुकली असे समजून मागे यावे. प्रत्येक निवडीची वेळ, कंपनसंख्या आणि केलेली क्रिया वहीत लिहावी. शेवटी, त्या सभेला हजर असलेला कोणी हयात असेल, तर त्याला दोन्ही प्रती ऐकवाव्या.

आपल्या घरांतही आजोबांच्या, आजींच्या आवाजाच्या कॅसेटी असतील. फितीवरील चुंबकीय थर कायमचा टिकत नाही, तेव्हा त्या याच वर्षी संगणकात उतरवून घ्या. मग सावकाश निवडा. आणि निवडताना एवढे ध्यानात असू द्या की, बोलणारा माणूस आपली बाजू मांडावयास समोर नाही. त्याच्या वतीने बोलण्याचा अधिकार कोणी आपल्याला दिलेला नाही. तो बोलला तेवढे ऐकू येऊ देणे, एवढेच आपले काम आहे.