वेगळा ठेवला तर माल, मिसळला तर कचरा

दत्तजयंतीला सारंगखेड्यात तापीकाठी घोडेबाजार भरतो. परप्रांतांतून घोडे येतात. त्यांच्याबरोबर खोगीर-लगामवाले, भांडीवाले, खेळणीवाले, हॉटेलवालेही येतात. यात्रा उठली की मागे लीद, उरलेला चारा, पिशव्या, कप आणि बाटल्या राहतात.

लीद शेतात गेली तर ते खत. बाटली भंगारात गेली तर तो पैसा. पण दोन्ही एकाच ढिगात पडल्या, तर शेतकरी ते खत नेत नाही आणि भंगारवाला त्या बाटलीला हात लावत नाही. मग ढीग पेटवा, नाहीतर नदीत जाऊ द्या, एवढेच उरते. हाच हिशेब शहादा, दोंडाईचा, नंदुरबारमधील प्रत्येक घराला लागू आहे.

आपल्या समाजातील कित्येक कुटुंबे भंगार-रद्दीवर जगतात. कोरडा पुठ्ठा आणि भिजलेला पुठ्ठा यांच्या भावातला फरक त्यांना सांगावा लागत नाही. मालेगावात टाकाऊ प्लास्टिक निवडून, धुऊन, दळून त्याची गिट्टी आणि गिट्टीचा दाणा करतात. त्यापासून शेतीचे पाईप बनतात. मुंबईत धारावीच्या तेरा कंपाउंडमध्ये असे कितीतरी कारखाने आहेत. जुने ॲल्युमिनियम वितळवून वापरले तर खनिजापासून नवे करण्याच्या मानाने सुमारे ९५ टक्के ऊर्जा वाचते. या साऱ्या धंद्याचा कच्चा माल घराच्या डब्यात तयार होतो आणि तिथेच बिघडतो.

पुण्याने यातून वाट काढली. तेथे १९९३ साली कचरावेचकांची 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' उभी राहिली. पुढे तिच्यातूनच 'स्वच्छ' ही सहकारी संस्था निघाली. तिचे सभासद घरोघरी ओला व सुका कचरा वेगवेगळा घेतात आणि सुका माल विकून आलेला पैसा त्यांचाच असतो. हे काम आपल्या लहान शहरांतही होण्यासारखे आहे, असे आम्हांस वाटते.

त्यासाठी घरात दोन डबे पुरेत. भाजीची देठे व उरलेले अन्न एकात. कागद, काच, पत्रा, प्लास्टिक दुसऱ्यात. शिळे अन्न पिशवीत बांधून फेकू नये, गाय-बकरी ते पिशवीसकट खाते.

दुकानदार बांधवांनी पातळ पिशव्या बंद कराव्यात. २०१८ साली राज्य सरकारने त्यांवर बंदी आणली तेव्हाच पहिल्या गुन्ह्यास ५,००० रुपये दंड ठरवला. शिंपी बांधवांकडे चिंध्या पडून असतात. त्यांच्या कापडी पिशव्या शिवल्या तर दोघांचाही फायदा आहे.

भंगार व्यापाऱ्यांना एक कळकळीची विनंती. तांब्यासाठी वायर जाळू नका आणि शिशासाठी बॅटरी घरी फोडू नका. वायरीचा धूर विषारी असतो, आणि शिसे सर्वांत आधी लहान मुलांना बाधते. वायर सोलून तांबे काढा; बॅटरी अख्खी, परवानाधारकाकडेच द्या.

येत्या यात्रेत प्रत्येक दुकानापुढे दोन पिंप ठेवले, तर बाजार उठल्यावर तापीकाठी ढीग राहणार नाही. खर्च दोन पिंपांचा आहे. सुरुवात आपण व्यापाऱ्यांनीच करावी.