मेळघाटातील वृद्ध कोरकू व सरकारी साहाय्य

अमरावती जिल्ह्यातील धारणी व चिखलदरा या तालुक्यांचा डोंगराळ मुलूख म्हणजे मेळघाट होय. येथे कोरकू लोकांची वस्ती मोठी असून त्यांची भाषा मराठीहून सर्वस्वी भिन्न, मुंडा कुळातील आहे. तरुण मंडळी बाजारहाटापुरती हिंदी-मराठी बोलतात. परंतु म्हाताऱ्या माणसांस कचेरीतील कागद वाचून दाखविला तरी त्याचा अर्थ उमगत नाही. खरीप आटोपला की कर्ती माणसे मजुरीसाठी बाहेरगावी जातात व होळीला परततात. तोवर घर, गुरे व नातवंडे वृद्धांच्याच हवाली असतात.

श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजनेखाली ६५ वर्षांवरील गरजू व्यक्तीस दरमहा साहाय्य मिळते. २०२३ साली ही रक्कम १,५०० रुपये करण्यात आली. मात्र वयाचा पुरावा आणावा कोठून? जन्माची नोंद नाही, शाळेचे तोंड पाहिलेले नाही. अशा वेळी सरकारी रुग्णालयाच्या वैद्यकीय अधीक्षकाचा दाखलाही चालतो, ही गोष्ट पुष्कळांस ठाऊकच नसते.

वेतन मंजूर झाले तरी अडचण सरत नाही. जन्मभर कुदळ-विळा चालविलेल्या बोटांवरील रेषा झिजतात, आणि बँकेचे यंत्र ठसा नाकारते. डोंगर उतरून आलेली म्हातारी रिकाम्या हाताने परतते व दोष मात्र तिच्या बोटांस दिला जातो! बुबुळावरून ओळख पटविण्याची सोय आधार व्यवस्थेत आहे. तिची चौकशी अवश्य करावी.

आजारपणात वृद्ध कोरकू प्रथम भूमकाकडे जातो. त्यास हिणवून काही साधत नाही. भूमकानेच "दवाखान्यात जा" म्हटले, तर मोतीबिंदूचा रोगी शस्त्रक्रियेस राजी होतो. यास्तव आशा कार्यकर्तीने त्याला विश्वासात घ्यावे. ती कोरकू बोलणारी असल्यास निम्मे काम झालेच. सत्तरी उलटलेल्यांस ऑक्टोबर २०२४ पासून, उत्पन्न न पाहता, आयुष्मान योजनेखाली कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत उपचाराचे संरक्षण आहे. त्याचे कार्डही तिनेच काढवून द्यावे.

हयातीचा दाखला दरवर्षी द्यावा लागतो. तो न पोचल्यास जिवंत माणसाचे वेतन थांबते. होळीस मुलगे घरी असतात, कागदपत्रेही हाताशी येतात. ग्रामसेवक व तलाठी यांनी त्या आठवड्यात पाड्यावर फेरी ठेवावी.