संस्थेचे नाव, बोधचिन्ह आणि कायदा

मूळ कायदा : व्यापारचिन्ह अधिनियम, 1999. अंमल 15 सप्टेंबर 2003 पासून. त्याआधीच्या 1958च्या कायद्याखाली फक्त मालाची चिन्हे नोंदवता येत. सेवांची नोंदणी नव्या कायद्याने खुली झाली. धर्मादाय संस्थांच्या दृष्टीने मोठा बदल हाच. नोंदणी वर्गवार होते : निधी संकलन वर्ग 36 मध्ये येते, शिक्षण 41 मध्ये, वैद्यकीय सेवा 44 मध्ये.

न्यास नोंदणी वेगळी : धर्मादाय आयुक्तांकडे संस्था नोंदवली म्हणून तिचे नाव नोंदणीकृत व्यापारचिन्ह होत नाही. चिन्ह नोंदवलेले नसले तरी तोतयेगिरीविरुद्ध ‘पासिंग ऑफ’चा दावा करता येतो (कलम 27). तिथे नावलौकिक सिद्ध करावा लागतो.

शुल्क (2017चे नियम) : ऑनलाइन अर्ज, प्रत्येक वर्गासाठी : व्यक्ती, स्टार्टअप, लघुउद्योग 4,500 रुपये, इतर 9,000 रुपये. सवलतीच्या यादीत धर्मादाय संस्थांचा स्वतंत्र उल्लेख नाही.

मुदत : 10 वर्षे, पुढे नूतनीकरण.

नोंदणीबाबतच्या निर्णयाविरुद्ध अपील : 2021 पासून उच्च न्यायालयात.

रेडक्रॉस : दवाखान्यांच्या पाट्यांवर सर्रास दिसणारे हे चिन्ह केंद्र सरकारच्या मान्यतेशिवाय वापरण्यास 1960च्या जिनिव्हा करार अधिनियमाने मनाई आहे.