झोपेतील श्वास आणि सोबत्याचे साहाय्य

घोरणे हा आपल्याकडे थट्टेचा विषय आहे. घर पाहुण्यांनी भरले की घोरणाऱ्याचे अंथरूण ओसरीवर घालावयाचे आणि सकाळी त्याची चेष्टा करावयाची, एवढ्यावर तो संपतो. परंतु शेजारी निजणाऱ्या व्यक्तीस कधी कधी निराळाच अनुभव येतो. चढत गेलेले घोरणे एकाएकी थांबते. छाती व पोट हलत असते, पण श्वास आत जात नाही. दहा सेकंद जातात, वीस जातात. मग घुसमटल्यासारखा आवाज होऊन श्वास पुन्हा सुरू होतो. निजलेल्यास याची वार्ताही नसते. त्या शांततेने जाग येते ती शेजारच्या माणसास.

या विकारास अवरोधी निद्राश्वसनरोध म्हणतात. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात. ज्यांचा श्वसनमार्ग तेथे अरुंद असतो, त्यांच्या घशाच्या मऊ भिंती आत ओढल्या जाऊन मार्ग बंद होतो. रक्तातील ऑक्सिजन घटतो, मेंदू क्षणभर जागा होतो, स्नायू पुन्हा ताठतात आणि वाट मोकळी होते. तीव्र विकारात असे पूर्ण वा अपुरे अडथळे तासाला ३० किंवा त्याहून अधिक वेळा येतात. रात्रभर अंथरुणावर पडूनही विश्रांती अशी मिळत नाही. दिवसा डोळा लागतो. वाहन चालविणाऱ्याच्या बाबतीत हे प्राणावर बेतू शकते. रक्तदाब वाढण्याशीही या विकाराचा संबंध आहे.

हवेचा आधार

तीव्र विकारावर पूर्वी खात्रीचा असा एकच उपाय होता : गळ्यास छेद देऊन श्वासनलिकेत नळी बसविणे. १९८० साली ऑस्ट्रेलियातील सिडनी येथे डॉ. कॉलिन सुलिव्हन यांनी दुसरा मार्ग शोधला. केर ओढून घेणाऱ्या विजेच्या झाडणीची मोटर वापरून त्यांनी हवेचा झोत निर्माण केला व तो नळीने रोग्याच्या नाकात सोडला. हवेच्या दाबाने घसा मिटेनासा झाला आणि रोगी शांत झोपला. १९८१ साली पाच रोग्यांवरील हे निष्कर्ष ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. आजचे सीपॅप यंत्र हे त्याच कल्पनेचे सुधारलेले रूप होय. इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून बनलेल्या या शब्दाचा अर्थ आहे, श्वसनमार्गात अखंड ठेवलेला वाढीव दाब.

हा दाब किती असतो? विद्यार्थ्यांनी एक प्रयोग करून पाहावा. उंच पेल्यात पाणी घेऊन त्यात एक नळी १० सेंटिमीटर खोल बुडवावी व फुंकावी. बुडबुडे निघू लागतात तेव्हा आपण १० सेंटिमीटर जलस्तंभाइतका दाब दिलेला असतो. तो वातावरणाच्या दाबाचा सुमारे शंभरावा भाग आहे. सीपॅपचा दाब बहुधा ४ ते २० सेंटिमीटरांच्या दरम्यान असतो. यंत्र ऑक्सिजन पुरवीत नाही. खोलीतील हवाच गाळून देते. घशाच्या भिंतींना तेवढा आधार पुरतो.

सोबत्याने काय करावे?

उपाय असा सोपा असला, तरी तो रोज रात्री चेहऱ्यावर बांधावा लागतो. मास्कने जीव कोंडतो, नाक कोरडे पडते, चारचौघांत संकोच वाटतो. पुष्कळ यंत्रे पहिल्या काही आठवड्यांतच कपाटात जातात. येथेच सोबत्याचे काम सुरू होते.

स्कॉटलंडमधील एडिंबरो येथील संशोधकांनी ८० रोग्यांवर केलेला एक अभ्यास १९९९ साली प्रसिद्ध झाला. एका गटास नेहमीचे मार्गदर्शन मिळाले. दुसऱ्या गटास अधिक साहाय्य दिले गेले. यंत्राची माहिती घरी, जोडीदारासमवेत सांगितली गेली व पुढे घरभेटीही झाल्या. सहा महिन्यांत पहिल्या गटाचा वापर रात्री सरासरी ३.९ तास, तर दुसऱ्याचा ५.४ तास भरला. परंतु आणखी एक गोष्ट आढळली. जे आपण होऊन वैद्यांकडे आले होते त्यांनी यंत्र अधिक वापरले. जोडीदाराच्या सांगण्यावरून आलेल्यांनी कमी. सोबत उपयोगी पडते, पण आग्रह रोग्याच्या इच्छेची जागा घेऊ शकत नाही, असा याचा अर्थ आहे.

यास्तव सवय दिवसा लावावी. प्रथम मास्क नुसता हातात धरून नाकाशी न्यावा. मग वाचताना वा रेडिओ ऐकताना, जागेपणी, यंत्र चालू करून थोडा वेळ बांधावा. आरंभी दाब कमी ठेवून तो हळूहळू वाढविण्याची सोय बहुतेक यंत्रांत असते. नाक कोरडे पडत असल्यास हवेस ओलावा देणारे पात्र जोडता येते. त्यात ऊर्ध्वपातित पाणी घालावे व ते रोज बदलावे. मास्क रोज सौम्य साबणाने धुवावा. कडेने हवा सुटत असेल तर ती शेजारच्यास आधी ऐकू येते. अशा वेळी “अहो, पट्टा जरा सरकला आहे,” एवढे हळूच सांगणे पुरे. मास्कवरील बारीक छिद्रे उच्छ्वास बाहेर जाण्यासाठी असतात. ती गळती समजून बुजवू नयेत. वीज गेली तर मास्क काढून ठेवावा. दाब मात्र स्वतःच्या मनाने बदलू नये. ते वैद्यांचे काम.

काही रात्री मास्क पहाटे उशाशी पडलेला सापडेल. त्यावरून बोल लावू नयेत. आज दोन तास, पुढच्या आठवड्यात चार, ही प्रगतीच आहे. श्वास थांबलेला ज्याने प्रथम ऐकला, तो नियमित सुरू झालेलाही तोच प्रथम ऐकतो. ते सकाळी निजलेल्यास सांगावे. कारण त्याला स्वतःला ते झोपेत ऐकू येत नाही.